गोलपोस्टमागची पोरं

फुटबॉलच्या फायनलची वेळ चारची होती. आम्ही साडेतीनलाच मैदानावर हजर, कारण सामन्याच्या अर्धा तास आधी पोचायचं हा नानांचा शिरस्ता. नाना म्हणजे माझे वडील. वय 81, गुडघे कुरकुरतात, पण नजर अजून ऑफसाइड पकडते. त्यांची घडीची खुर्ची, टोपी आणि चहाचा थर्मास घेऊन मी मागे.

नाशिकरोडच्या बाजूचं एक मैदान. गवत थोडं, माती फार. एका लांबीला मंडप घातला होता आणि मंडपात पाहुण्यांसाठी मखमली सोफे. ते इतके पुढे आणून मांडले होते की त्या बाजूला कुणी उभं राहिलं तर त्याला सोफ्यांच्या पाठीच दिसाव्यात. म्हणून पोरं उरलेल्या जागी गेली. उरलेली जागा म्हणजे पूर्वेकडच्या गोलपोस्टच्या मागे, जिथे दुपारचं ऊन सरळ डोळ्यांत येतं. शे-सव्वाशे पोरं असतील. दहा-बारा मुलीही होत्या, सगळ्यांच्या अंगात पिवळे टीशर्ट. आणि मधोमध गळ्यात ढोल अडकवून माझा लेक. वय 19.

हा ढोल आमच्या घरातला चौथा माणूस आहे. गणपतीच्या आधी दोन महिने गॅलरीत त्याची दोरी ताणली जाते, पान बदललं जातं आणि शेजाऱ्यांच्या तक्रारी माझ्याकडे येतात. केरळात लग्नांत, उत्सवांत जी पथकं वाजवतात त्यातल्या कितीतरी पथकांना तिथली माणसं ‘नाशिक ढोल’च म्हणतात, हे लेकानेच मला एकदा मोबाईलवर दाखवलं होतं. आपल्या गावाचं नाव इतक्या लांब, दुसऱ्याच भाषेच्या तोंडी ऐकून मला भरून आलं होतं. तेव्हा मैदानावर ढोल नेतो म्हणाला तर मी नाही कशाला म्हणू?

पाहुणे पाच वाजायला दहा मिनिटं कमी असताना आले. मग शाल, नारळ, पुष्पगुच्छ, मग मनोगत. दोन्ही संघ मैदानात रांगेत उभे, अंगातला घाम वाळून गेलेला. गोलपोस्टमागे पोरं सव्वा तास उन्हात. तिथे पाण्याची सोय नव्हती. बाटल्या मंडपात होत्या. सामना पाच दहाला सुरू झाला.

पहिला अर्धा तास जो काही गलका होता तो मला मनापासून आवडला. कॉर्नर मिळाला की ढोल हळू सुरू व्हायचा, चेंडू उडेपर्यंत चढत जायचा आणि हेडर बाहेर गेला की शंभर गळ्यांतून एकदम ‘अरेरेरे’. अंगावर काटा येत होता. माझ्या बाजूच्या खुर्च्यांवरचे काका लोक मात्र कानावर हात ठेवून बसले होते. ‘खेळ बघायला येतात की धिंगाणा घालायला?’ हे वाक्य मी हाफटाइमच्या आत चार वेळा ऐकलं असेल.

सव्वासहाला उजेड उतरला होता. स्कोअर 1-1. पिवळ्यांनी मारलेला चेंडू समोरच्या बचावपटूच्या हाताला लागला, निदान इकडून तसं दिसलं. रेफ्रीने खेळ चालू ठेवला आणि दुसऱ्याच मिनिटाला पलीकडे गोल झाला. मग ‘रेफ्री चोर’ सुरू झालं. ते मी समजू शकते. पण दोन मिनिटांत चोरावरून गाडी आईवर गेली. आईवरून शिवी, आणि तीही ढोलाच्या ठेक्यावर. चार ठोके आणि शिवी, चार ठोके आणि शिवी. मुलीसुद्धा ओरडत होत्या. रेफ्री असेल बावीस-तेवीस वर्षांचा, काळी जर्सी जरा सैल, कुणाची तरी मागून आणल्यासारखी. त्याची आई त्या दिवशी मैदानावर आली असती तर ती माझ्याच शेजारी खुर्ची टाकून बसली असती, थर्मास घेऊन.

बाटली कुठून आली ते मी पाहिलं नाही. अर्धी भरलेली होती, म्हणून नेमकी लांब गेली. रेफ्रीच्या कानामागे लागली आणि तो गुडघ्यावर बसला. ढोल थांबला. एवढ्या मोठ्या मैदानावर एकदम इतकी शांतता झाली की मंडपातल्या जनरेटरचा आवाज ऐकू आला.

बारा मिनिटं खेळ बंद होता. त्या बारा मिनिटांत आमच्या खुर्च्यांवर सगळे निकाल लागले. मोबाईलने पोरं बिघडवली. आईबापांचा धाक राहिला नाही. आमच्या वेळी असं नव्हतं. एकाने तर ‘दोन-चार जणांवर काठी घाला, बाकीचे सरळ होतात’ असंही सांगून टाकलं. मी नानांकडे पाहिलं. ते काही बोलत नव्हते. उजव्या हाताचं बोट डाव्या भुवईवरून फिरवत होते.

त्या भुवईत चार टाक्यांचा वण आहे.

नाना कारखान्यात फिटर होते आणि रविवारी रेफ्री. सायकलवर देवळाली कॅम्पपर्यंत जायचे. तिकडे लष्कराच्या संघांमुळे फुटबॉल जिवंत होता आणि जवानांच्या सामन्यात शिट्टी मारायला मिळणं हा ते मान समजत. पिवळं आणि लाल कार्ड जगात आलं 1970 च्या मेक्सिको विश्वचषकात. आमच्याकडे नियम पोचला, कार्ड कुठून आणायचं? नानांनी लग्नपत्रिका कापून कार्डं केली. पिवळ्या कार्डाच्या मागे गणपती छापलेला होता, त्याच्या खाली ‘श्री गजानन प्रसन्न’ यातलं नुसतं ‘श्री गजा’ उरलं होतं. ते कार्ड अजून त्यांच्या पाकिटात आहे, कडा तेलकट झालेल्या. ऑफसाइड म्हणजे चेंडू मिळण्याआधीच समोरच्या बचावाच्या पलीकडे जाऊन उभं राहणं; तेव्हाच्या नियमात शेवटून दुसऱ्या बचावपटूच्या बरोबर रेषेत असलेला खेळाडूही ऑफसाइड धरला जाई, ते बदललं 1990 मध्ये. नाना अजून सामना बघताना आधी जुन्या नियमाने हात वर करतात आणि मग स्वतःच खाली घेतात.

मी सातवीत असताना एका स्थानिक सामन्यात त्यांनी पेनल्टी नाकारली आणि प्रेक्षकांतून गोटी सोड्याची बाटली आली. काचेची. भुवई फाटली. रक्ताने माखलेला शर्ट आईने बादलीत भिजवला तेव्हा मी रडले होते. पण नंतर वर्षानुवर्षं ही गोष्ट आमच्या घरात हसून सांगितली गेली. पाहुणे आले की आई म्हणायची, ‘ह्यांना बक्षीस काय मिळालं दाखवा,’ आणि नाना भुवई पुढे करायचे. बाटली टाकणारा त्यांच्याच पाळीतला होता, त्यांना माहीत होतं. तो पुढे माझ्या लग्नात जेवून गेला. लेकानेही ही गोष्ट लहानपणापासून ऐकली आहे, हसतच ऐकली आहे. पोरं हे कुठून शिकली असं काका लोक विचारत होते, तेव्हा माझ्या मनात आमची बैठकीची खोली होती.

‘आमच्या वेळी असं नव्हतं’ हे खोटं आहे. 16 ऑगस्ट 1980 ला कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर मोहन बागान आणि ईस्ट बंगालच्या सामन्यात प्रेक्षकांत मारामारी पेटली आणि 16 जण गेले. नानांना ही तारीख पाठ आहे. मरणारे बहुतेक तरुणच होते आणि ते आज असते तर आमच्या खुर्च्यांवरच्या काकांच्याच वयाचे असते. दरवर्षी 16 ऑगस्टला बंगालमध्ये त्यांच्या आठवणीत फुटबॉलप्रेमी रक्तदान करतात. आपल्या कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर तालमींचे संघ उतरले की अख्ख्या पेठा ईर्ष्येने उभ्या राहतात. समर्थकांतली हाणामारी तिथल्या लोकांना नवी नाही, आणि तीन-तीन पिढ्या एकाच संघाचं नाव घेऊन भांडल्याचा अभिमानही तिथे आहे. मोबाईल त्यानंतर कितीतरी वर्षांनी आला.

इंग्लंडचं उदाहरण नाना नेहमी देतात, पण त्यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि लोक त्यांची एकच करतात. 29 मे 1985, ब्रुसेल्सचं हेसेल स्टेडियम, युरोपियन कपची फायनल. लिव्हरपूलचे काही समर्थक शेजारच्या भागातल्या युव्हेंटसच्या लोकांवर चालून गेले, पळापळीत भिंत कोसळली, 39 माणसं मेली. तिथे दोष समर्थकांचा होता, त्यांच्यावर खटले झाले, इंग्लिश क्लबांना 5 वर्षं युरोपात बंदी झाली. त्यानंतर चार वर्षांनी, 15 एप्रिल 1989 ला, शेफिल्डच्या हिल्सबरोवर त्याच लिव्हरपूलचे समर्थक चेंगरले. बाहेर गर्दी तुंबली म्हणून पोलिसांनी दार उघडायला लावलं, लोंढा बोगद्यातून मधल्या कोंडवाड्यांत शिरला, आणि पुढे लोखंडी जाळी. जाळी कशासाठी? हुल्लडबाज मैदानात उतरू नयेत म्हणून. आतली माणसं जाळीला तोंड लावून ओरडत होती आणि बाहेरच्यांना वाटत होतं, ही नेहमीची हुल्लड. 97 जण गेले. दारू पिऊन दार फोडलं असा दोष त्या मेलेल्यांवरच ठेवला गेला. चौकशीच्या ज्युरीने समर्थकांचा त्यात काहीही दोष नव्हता हे सांगायला 2016 उजाडलं. 27 वर्षं आईबाप आपल्या पोरांची नावं धुऊन काढत बसले होते.

मला ही हिल्सबरोची गोष्ट झोपू देत नाही. एकदा का गोलपोस्टमागच्या सगळ्यांचं नाव ‘हुल्लडबाज’ ठेवलं की त्यांच्यातून आलेली हाक कुणाला हाक म्हणून ऐकूच येत नाही.

आणि हे समजायला नाशिककराला शेफिल्डला कशाला जायला हवं? 27 ऑगस्ट 2003 ला सिंहस्थात, काळाराम मंदिराजवळच्या चिंचोळ्या वाटेवर चेंगराचेंगरी झाली. 39 भाविक गेले, त्यात बायका जास्त. हेसेललाही 39. मी सासूबाईंना घेऊन त्या दिवशी रविवार कारंजापर्यंत पोचले होते. पुढे सोडेनात म्हणून आम्ही चिडलो होतो, माझ्या मागच्या बायका ढकलत होत्या आणि मीही पुढच्या बाईच्या पाठीवर हात ठेवून ढकललं होतं. ते माझ्या हातांना अजून आठवतं. त्या बायका कुठे हुल्लडबाज होत्या? त्या तर गंगेवर, म्हणजे गोदावरीवर, स्नानाला निघालेल्या. गर्दीत मागच्याला पुढचं दिसत नाही, एवढंच कारण पुरतं.

पोरांना खरं तर हे शिकवायला हवं. पुढचा पडला तर हात वर करायचा, मागच्यांनी थांबायचं. चिंचोळ्या दारातून निघताना ढोल बंद. रेफ्रीचा निर्णय पटला नाही तर निर्णयावर ओरडा, माणसावर नको, त्याच्या आईवर तर मुळीच नको. हे कुणी सांगायचं? खुर्च्यांवरून सांगता येत नाही. तिथून फक्त ‘गप्प बसा’ पोचतं.

व्हॉट्सअॅपवर आमच्या वयाच्या मंडळींचा एक आवडता निरोप फिरतो, जपानी प्रेक्षकांचा. 2018 ला रशियात आणि 2022 ला कतारमध्ये विश्वचषकाचा सामना संपल्यावर जपानी लोकांनी पिशव्या काढून स्टँडमधला कचरा उचलला. मलाही त्याचं कौतुक आहे. पण त्याच जपानी प्रेक्षकांनी त्याआधी नव्वद मिनिटं ढोल बडवत, उड्या मारत, घसा फोडून गाणी म्हटलेली असतात, ते त्या निरोपात नसतं. आपल्याला त्यांची पिशवी हवी आहे, ढोल नको आहे.

आणि शांतता हवी होती तर ती आपल्याकडे भरपूर होती. जून 2018 मध्ये मुंबईत, अंधेरीच्या मैदानावर, भारताने चायनीज तैपेईला 5-0 हरवलं तेव्हा प्रेक्षक होते 2569. सुनील छेत्रीने तीन गोल केले आणि टाळ्या वाजवायला माणसं नव्हती. मग त्याने मोबाईलवर व्हिडिओ करून हात जोडले, शिव्या द्यायच्या तर मैदानावर येऊन द्या, पण या. पुढच्या केनियाच्या सामन्याला मैदान भरलं. नाशिकहून माझा लेकही चुलत्याबरोबर पहाटेच्या गाडीने गेला होता, तेव्हा बारा वर्षांचा. आवाज बसून परत आला. दोन दिवस खुणांनी बोलत होता, आणि मी त्याला हळद घातलेलं दूध देत होते. त्या बसलेल्या आवाजाचा मला आनंद झाला होता हे मी आज कबूल करते.

डिसेंबर 2025 मध्ये मेस्सी कोलकात्याला आला तेव्हाचं तर सगळ्यांनी पाहिलं. लोकांनी हजारो रुपयांची तिकिटं काढलेली, आणि मैदानात मेस्सीभोवती पुढाऱ्यांचं, पाहुण्यांचं कडं. स्टँडमधून तो दिसेचना. थोड्या वेळात तो निघून गेला आणि मग बाटल्या आल्या, खुर्च्या आल्या. खुर्च्या फेकणं चूकच. पण ते कडं बघताना मला आमच्या मैदानावरचे सोफे आठवत राहतात.

त्या रविवारी सामना कसाबसा पूर्ण झाला, पिवळे हरले. रेफ्रीच्या कानामागे बर्फ धरून ठेवलेला, तशाच अवस्थेत त्याने शेवटची शिट्टी मारली. नाना चालत त्याच्याकडे गेले. काय बोलले माहीत नाही, पण परत आले तेव्हा म्हणाले, ‘पोराने सामना सोडला नाही. मी त्या दिवशी सोडला होता.’ ही गोष्ट घरातल्या हसण्याच्या गोष्टीत कधीच नव्हती. त्यांनी सामना अर्धा टाकून सायकल काढली होती आणि एका हाताने रुमाल धरून घरी आले होते.

रात्री जेवताना लेक खाली मान घालून भाकरी मोडत होता. बाटलीचा व्हिडिओ तोपर्यंत सगळीकडे गेला होता.

‘बाटली आपल्यातल्या कुणी टाकली नाही, नाना. खरंच माहीत नाही कुणी टाकली.’

‘बरं.’

‘आणि मी शिवी दिली नाही. आईशप्पथ. मी नुसता ढोल वाजवत होतो.’

नानांनी ताटातलं मीठ बोटाने बाजूला केलं. ‘ठेका तूच दिलास ना रे?’

तो काही बोलला नाही. मीही नाही. मला खूप बोलायचं होतं, आईवरून शिवी ऐकताना काय वाटतं ते सांगायचं होतं, पण त्याचे कान लाल झालेले दिसले आणि मी आमटी वाढली. जरा वेळाने त्याने विचारलं, ‘तुम्हाला लागलं तेव्हा खूप दुखलं होतं का?’ इतक्या वर्षांत पहिल्यांदा हा प्रश्न त्या गोष्टीवर कुणी विचारला. नाना म्हणाले, ‘दुखलं नाही. लाज वाटली. सगळे माझ्याकडे बघत होते आणि कुणी आत येईना.’

पुढच्या महिन्यात त्याच मैदानावर दुसरी स्पर्धा होती. नानांनी खुर्ची मंडपाकडे नेऊ दिली नाही. ‘तिकडे,’ म्हणाले, आणि गोलपोस्टकडे बोट केलं. मी घाबरले, त्यांच्या गुडघ्यांना आणि त्या पोरांना दोन्हीला. पोरांनी मात्र जागा करून दिली, एकाने त्यांच्या डोक्यावर पिवळा रुमाल बांधला. मी घरून पाण्याचे दोन जार नेले होते, ते मागे ठेवले. त्या वयात पहिल्यांदाच मी गोलपोस्टमागे उभी राहिले. तिथून सामना फारसा दिसत नाही, हे मला तेव्हा कळलं. लांबचा चेंडू, ऑफसाइड, हाताला लागलं की छातीला, काहीच धड कळत नाही. तिथे नुसता अंदाज असतो आणि शेजाऱ्याचा आवाज असतो.

एका निर्णयावर परत ‘रेफ्री चोर’ उठलं. नाना खुर्चीतून उठले, हात वर केला आणि ओरडले, ‘अरे, बरोबर आहे त्याचं! डिफेंडर आत होता!’ चार-सहा पोरं वळली, त्यांच्याशी वाद घालायला लागली. ऑफसाइड म्हणजे काय यावर तिथेच जोरात भांडण. नाना जुना नियम आणि नवा नियम हातवारे करून सांगतायत, एक मुलगी मोबाईलवर नियम काढून वाचतेय. मागच्या बाजूला कुणीतरी शिवी दिलीच. दोघा-तिघांनी उचललीही. लेकाने टिपरू वर नेलं होतं. ते त्याने ढोलाच्या पानावर आडवं टेकवलं आणि तसंच धरून ठेवलं. ठेक्याशिवाय शिवी दोनदा आली आणि विरली. तिसऱ्यांदा चेंडू आमच्या खेळाडूकडे आला आणि सगळे तेच बघायला लागले.

सामना 2-0 जिंकला. परत येताना रिक्षात नाना बराच वेळ गप्प होते. मला वाटलं दमले. बिटको चौकाचा सिग्नल लागला तेव्हा त्यांनी तर्जनी कानात घालून हलवली आणि मोठ्याने, स्वतःचाच आवाज ऐकू येत नसल्यासारखे म्हणाले, ‘पुढच्या रविवारी कापूस घे गं बरोबर. त्या ढोलाच्या अगदी शेजारी बसवतात मला.’